उद्यांची मिळकत

मालमत्ता म्हणजे काय, ती कोणाची, आणि ती विकण्याचा अधिकार कोणास, या प्रश्नांचा विचार करावयाचा झाला म्हणजे आपण धर्मशास्त्राचे ग्रंथ, जुनीं दप्तरें किंवा न्यायालयांचे निवाडे उघडतों. त्यासाठीं क्रीडांगणाकडे कोणी जात नाहीं. परंतु अमेरिकेंत व्यावसायिक बास्केटबॉलचे जे शौकीन आहेत त्यांचा वाद ज्यानें एकदां लक्षपूर्वक ऐकला असेल, त्यास असें आढळून येईल कीं, तेथें चेंडूविषयीं जितकें बोलणें होतें तितकेंच, किंबहुना त्याहून अधिक, गहाण, वारसा, हक्क आणि हस्तांतर यांविषयीं होतें. अमक्या संघानें तमका खेळाडू देऊन काय मिळविलें? पुढच्या वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क घालविले, ते परत कधीं यावयाचे? लागोपाठच्या दोन वर्षांचे हक्क देतां येत नाहींत असा नियम असतां हा सौदा झालाच कसा? न्यू जर्सींत स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी असल्या प्रश्नांवर जेवणाच्या पानावर हात वाळेपर्यंत बोलत बसलेला मीं पाहिला आहे. इकडेहि माझ्या वर्गांतील कांहीं मुलें पहाटे उठून ते सामने पाहतात, आणि महाविद्यालयांत येतांना तोच वाद बरोबर घेऊन येतात.

या वादांतील विशेष असा कीं, ज्या वस्तूसाठीं तो चालतो ती वस्तु बहुधा अस्तित्वांतच नसते. ज्या वाचकांना या खेळाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, व्यवहारांत एन. बी. ए., या संस्थेंत तीस संघ आहेत. विद्यापीठांतून किंवा परदेशांतून नव्यानें येणाऱ्या खेळाडूंस हे संघ दरवर्षीं पाळीपाळीनें निवडून घेतात. या निवडीच्या दोन फेऱ्या असतात, आणि जो संघ गेल्या हंगामांत दुबळा ठरला त्याला वरची पाळी मिळावी हें तिचें मूळ तत्त्व आहे. एवढ्यावरच भागतें तर वादास फारसें कारण नव्हतें. पण ही पाळीच एक मिळकत मानली गेली. ती देतां येते, घेतां येते, अटी घालून देतां येते, आणि पुढच्या सात वर्षांपर्यंतची आज देतां येते. म्हणजे आज एखाद्या नामांकित खेळाडूच्या मोबदल्यांत जो हक्क दिला जातो, त्या हक्कानें जो तरुण निवडला जावयाचा तो कदाचित् आज इयत्ता सातवींत भूगोलाचे नकाशे काढीत असेल. त्याची उंची अजून वाढावयाची आहे. तो खेळाडू होईल कीं पशुवैद्य, हें त्याच्या आईलाहि ठाऊक नाहीं. तरी त्याची पाळी विकली गेली आहे, आणि ती स्वस्तांत गेली कीं महाग यावर दोन शहरांतील सुशिक्षित माणसें हमरीतुमरीवर आलेलीं असतात.

ही चमत्कारिक मिळकत उत्पन्न कशी झाली, हें पाहण्याजोगें आहे.

१८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें हा खेळ काढला, तेव्हां पीच फळांच्या दोन टोपल्या, एक चेंडू व तेरा नियम एवढेंच त्याचें भांडवल होतें. हिंवाळ्यांत चार भिंतींच्या आंत मुलांना खेळतां यावें हा हेतु होता. मालकाचा कोठें संबंध नव्हता. मालक आले ते पुढें. ६ जून १९४६ रोजीं न्यू यॉर्क येथें बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन झाली. ती स्थापणारे लोक बहुतांशीं मोठमोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे धनी होते, आणि ज्या रात्रीं बर्फावरील हॉकीचा सामना नसेल त्या रात्रीं क्रीडागृह रिकामें पडूं नये, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. १९४९ सालीं ही संस्था व तिची जुनी प्रतिस्पर्धी नॅशनल बास्केटबॉल लीग यांचें एकीकरण होऊन हल्लींचें नांव रूढ झालें.

खेळाडू पाळीनें निवडण्याची पद्धत मात्र या मालकांनीं स्वतः शोधून काढली नाहीं; ती अमेरिकन फुटबॉलपासून उसनी घेतलेली आहे. तिचा जनक बर्ट बेल हा फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा मालक होता. त्याचा संघ हरत असे. चांगले खेळाडू श्रीमंत व विजयी संघांकडे जात. आणि चढाओढीनें पैसे देण्याची त्याची ऐपत नव्हती. १९३५ सालीं त्यानें सुचविलें कीं, नवीन खेळाडूंची यादी करावी, सर्वांत दुबळ्या संघानें आधीं निवडावें, आणि एकदां निवडलेल्या खेळाडूशीं दुसऱ्या संघानें बोलणेंहि करूं नये. १९३६ सालीं पहिली निवड झाली. बेलचें म्हणणें समतेचें होतें, आणि तें खोटें नव्हतें. पण त्याच एका कलमानें खेळाडूसाठीं होणारी चढाओढहि संपली, व चढाओढ संपल्यावर पगार वाढण्याचें कारण उरलें नाहीं. दुबळ्यांच्या कैवारासाठीं केलेल्या नियमानें मालकांच्या तिजोरीचेंहि असें रक्षण झालें. पुढील सर्व इतिहासांत हे दोन हेतु इतके गुंतलेले आहेत कीं, कोणता कोठें संपतो हें सांगणें कठीण.

पहिल्याच निवडीचा पहिलाच हक्क बेलच्या संघाचा होता. त्यानें शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर या नांवाजलेल्या खेळाडूस निवडलें. बर्वँगरनें पैसे घेऊन फुटबॉल खेळणें कधींच पत्करलें नाहीं. बास्केटबॉलवाल्यांनीं १९४७ सालीं ही पद्धत उचलली तेव्हां अगदीं हाच प्रसंग घडला. पिट्सबर्गच्या संघानें सर्वांत प्रथम निवडलेला क्लिफ्टन मॅकनीली हा गृहस्थ टेक्ससमधील एका शाळेंत मुलांना खेळ शिकवावयास निघून गेला. शिक्षकाच्या पेशांतील मनुष्यास ही हकीकत वाचून थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा. परंतु तिच्यांत एक बोचणारी गोष्टहि आहे. निवडलेल्या खेळाडूस त्या लीगपुरतें एकच स्वातंत्र्य होतें, तें म्हणजे न खेळण्याचें. पिट्सबर्ग नको, बोस्टनला जातों, असें म्हणण्याची सोय त्याला नव्हती.

प्रारंभींच्या मालकांना प्रेक्षक जमविण्याची विवंचना फार असे. म्हणून १९४९ पासून १९६५ पर्यंत एक निराळा नियम चालू होता. संघाच्या शहरापासून पन्नास मैलांच्या आंत जो खेळाडू नांवारूपास आला असेल, त्यास तो संघ आपली पहिली पाळी सोडून आधींच उचलूं शके. गांवचा मुलगा गांवच्या संघांत असला म्हणजे तिकिटें खपतात, हें त्याचें मर्म. सिनसिनाटी विद्यापीठाचा ऑस्कर रॉबर्टसन १९६० सालीं सिनसिनाटीच्या संघांत आला तो याच वाटेनें. विल्ट चेंबरलेन याचें प्रकरण अधिक गंमतीचें आहे. तो कॅन्सस विद्यापीठांत शिकला होता, आणि कॅन्सस कोठें व फिलाडेल्फिया कोठें! पण त्याची शाळा फिलाडेल्फियांत होती, आणि कॅन्ससच्या परिसरांत त्या वेळीं लीगचा संघ नव्हता. तेवढ्या आधारावर १९५९ सालीं फिलाडेल्फियानें त्यास आपला म्हणून घेतला. २००८ सालीं आपल्याकडे क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, तेव्हां सचिन तेंडुलकर मुंबईस व सौरव गांगुली कोलकात्यास लिलावाबाहेर ठेवून देण्यांत आले, त्याच्या मुळाशीं हीच कल्पना होती. त्याच वर्षीं एकोणीस वर्षांखालील खेळाडूंची पाळीनें निवड झाली. तींत पहिली पाळी असतांहि दिल्लीनें आपल्या शहरच्या विराट कोहलीस सोडून प्रदीप सांगवान यास घेतलें, व कोहली बंगलोरला गेला. दिल्लीकर शौकीन ती गोष्ट अजून विसरलेले नाहींत.

पाळी ही देवघेवीची वस्तु आहे, आणि तिच्या देवघेवीनें राज्यें उलथतात, हें सर्वांच्या ध्यानांत आलें तें १९५६ सालीं. सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाचा बिल रसेल त्या वर्षीं निवडीस आला. पहिली पाळी रॉचेस्टरची होती. त्यांनीं दुसराच खेळाडू घेतला. दुसरी पाळी सेंट लुइसच्या हॉक्स संघाची. त्यांनीं रसेलला निवडून लगेच बोस्टनला दिलें, आणि मोबदल्यांत एड मॅकॉली व क्लिफ हेगन हे दोन खेळाडू घेतले. मॅकॉली मूळचा सेंट लुइसचा. त्याचा लहान मुलगा आजारी होता, व घरीं परत जाणें त्याला हवेंच होतें. पुढें बोस्टननें तेरा हंगामांत अकरा वेळां अजिंक्यपद मिळविलें, आणि हा सौदा मूर्खपणाचा नमुना म्हणून आजहि सांगितला जातो. मला हा निकाल एकतर्फी वाटतो. त्याच मॅकॉली-हेगनांसह सेंट लुइसनें १९५८ सालीं बोस्टनचा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें होतें. शिवाय रसेल हा नीग्रो खेळाडू होता. वर्णभेदाविषयीं त्या काळीं कुप्रसिद्ध असलेल्या त्या शहरांत त्याचें जीवन कसें गेलें असतें, याचा हिशेब सौद्याच्या ताळेबंदांत कोणी मांडीत नाहीं.

१९६६ पासून जवळच्या खेळाडूचा नियम गेला व नाणेफेक आली. दोन विभागांतील तळाच्या दोन संघांनीं नाणें उडवावें व जिंकेल त्यानें पहिली पाळी घ्यावी. या नाणेफेकीच्या इतिहासांत शौकिनांना एकदां नव्हे, दोनदां प्रत्यक्ष कौल देण्याची संधि मिळाली. १९६९ सालीं फीनिक्सच्या संघानें छापा सांगावा कीं कांटा, हें आपल्या चाहत्यांस विचारलें. बहुमत छाप्याचें पडलें. नाणें कांट्यावर पडलें. आणि पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें विख्यात झालेला ल्यू अल्सिंडर मिलवॉकीस गेला. दहा वर्षांनीं शिकागोच्या संघानें हाच प्रयोग केला. पुन्हां चाहते छापा म्हणाले, पुन्हां कांटा पडला, आणि मॅजिक जॉन्सन लॉस अँजेलिसला मिळाला. यांत आणखी एक गोष्ट अशी कीं, लॉस अँजेलिसचा संघ त्या वर्षीं तळाचा नव्हताच. न्यू ऑर्लिन्सनें गेल गुडरिच या वयस्क खेळाडूच्या पायीं १९७६ सालीं आपला १९७९ चा हक्क त्यांच्या स्वाधीन केला होता. दुबळ्यासाठीं राखलेला घांस सबळाच्या ताटांत कसा जातो, याचें हें ठळक उदाहरण होय; आणि तें शेवटचें नव्हतें.

हा सर्व काळ खेळाडू कोठें होता? करारांतील एका कलमान्वयें, मुदत संपली तरी त्याच्यावरील संघाचा हक्क संपत नसे. संघ त्यास विकूं शके, बदलूं शके. तो मात्र संघ बदलूं शकत नसे. १९७० सालीं खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्यानें ऑस्कर रॉबर्टसननें लीगवर न्यायालयांत फिर्याद केली. मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याचा आधार घेऊन त्यानें हें कलम, निवडीची पद्धत व प्रतिस्पर्धी लीगशीं होऊं घातलेलें एकीकरण या तिन्ही गोष्टींस हरकत घेतली. ज्यास गांवचा मुलगा म्हणून सिनसिनाटीनें राखून घेतलें होतें, त्याच रॉबर्टसनला त्याच वर्षीं सिनसिनाटीनें मिलवॉकीस देऊन टाकलें. खटला सहा वर्षें चालला. १९७६ सालीं तडजोड झाली. तिच्यामुळें मुदत संपलेल्या खेळाडूस दुसरीकडे जाण्याचा मार्ग मोकळा होऊं लागला, व निवडलेल्या खेळाडूवरील संघाचा एकाधिकारहि कायमचा न राहतां एका वर्षापुरता झाला. स्वतः रॉबर्टसन १९७४ सालींच निवृत्त झाला होता. त्यानें लावलेल्या झाडाचीं फळें इतरांनीं खाल्लीं, व तीं त्यांना भरपूर गोड लागलीं. आज एखाद्या खेळाडूनें संघ सोडला म्हणजे शौकीन त्यास कृतघ्न म्हणतात. संघानें त्यास सोडलें म्हणजे मात्र तो दूरदृष्टीचा सौदा ठरतो. हा भाषेचा भेद मला त्यांच्या सर्व वादांत अधिक लक्षणीय वाटतो.

आतां क्लीव्हलंडकडे वळूं. कारण ज्या नियमाचें नांव या वादांत वारंवार येतें तो नियम तेथें जन्मला.

१९८० सालीं टेड स्टेपियन नांवाच्या एका जाहिरातीच्या धंद्यांतील धनिकानें क्लीव्हलंडचा कॅव्हेलिअर्स संघ घेतला. त्याची घाई विलक्षण होती. साधारण योग्यतेचे खेळाडू मिळविण्यासाठीं तो भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क एकामागून एक देत सुटला. त्याच वर्षीं नव्यानें स्थापन झालेल्या डॅलसच्या संघानें ही संधि बरोबर हेरली. १९८३, १९८४, १९८५ व १९८६ या चारहि वर्षांचे क्लीव्हलंडचे हक्क डॅलसकडे गेले, व त्यांतून डेरेक हार्पर, सॅम पर्किन्स, डेटलेफ श्रेम्फ आणि रॉय टार्पली असे चार उत्तम खेळाडू डॅलसला लाभले. १९८२ चा क्लीव्हलंडचा हक्क लॉस अँजेलिसकडे होता. क्लीव्हलंड ८२ सामन्यांपैकीं अवघे १५ जिंकून तळाशीं गेलें, आणि नाणेफेक जिंकून त्या वर्षींच्या अजिंक्य संघानेंच पहिली पाळी घेऊन जेम्स वर्दी यास निवडलें. हें शेवटचें पाप सर्रास स्टेपियनच्या माथीं मारलें जातें. परंतु तारखा पाहिल्या तर तो सौदा फेब्रुवारी १९८० मधला, म्हणजे स्टेपियन गादीवर येण्यापूर्वींचा आहे. बदनाम माणसाच्या खात्यावर दुसऱ्यांचींहि कर्जें चढतात, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यास नवीन नाहीं.

कांहीं काळ लीगनें असें बंधन घातलें कीं, क्लीव्हलंडचा कोणताहि सौदा लीगच्या संमतीवांचून होऊं नये. उधळ्या जहागीरदाराची इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे जात असे, तसलाच हा प्रकार. पुढें स्टेपियन संघ टोरांटोस हलविण्याच्या गोष्टी बोलूं लागला. १९८३ सालीं गुंड बंधूंनीं संघ विकत घ्यावा म्हणून लीगनें त्यांना गेलेल्या हक्कांच्या भरपाईदाखल जादा निवडी देऊं केल्या, व संघ क्लीव्हलंडांत राहिला. या अनुभवांतून नियम झाला तो असा: कोणत्याहि संघानें आपले भावी हक्क अशा रीतीनें देऊं नयेत कीं, लागोपाठ दोन वर्षें त्याच्याजवळ पहिल्या फेरीचा एकहि हक्क राहणार नाहीं. हाच तो स्टेपियनचा नियम. एखाद्या माणसाच्या नांवानें धर्मशाळा असते, या माणसाच्या नांवानें प्रतिबंध आहे.

मिताक्षरेशीं परिचय असलेल्या वाचकास येथें ओळखीचा सूर ऐकूं येईल. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर जी टीका लिहिली, तींत वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो असें प्रतिपादिलें आहे. त्या पायावर पुढें न्यायालयांनीं असें ठरविलें कीं, कर्ता हा त्या मिळकतीचा व्यवस्थापक आहे. कुटुंबाची खरी गरज असल्यावांचून त्याला ती विकतां येत नाहीं. आणि विकलीच तर मुलगा दाद मागूं शकतो. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांचे किती तरी दिवस या एकाच प्रश्नाचा काथ्याकूट करण्यांत गेले, कीं बापानें काढलेलें कर्ज घराच्या गरजेसाठीं होतें कीं चैनीसाठीं? क्लीव्हलंडचा शौकीन नेमका हाच प्रश्न विचारीत होता. तो संघाविषयीं बोलतांना 'त्यांनीं' म्हणत नाहीं, 'आम्हीं' म्हणतो: आम्हीं अमक्याला दिलें, आमचा १९८५ चा हक्क गेला. त्याचा बाप त्याच आसनावर बसून सामने पाही, त्याचा मुलगा पुढें पाहील. या परंपरेनें त्या मिळकतींत आपला जन्मसिद्ध वांटा आहे, अशी त्याची श्रद्धा असते. पण खरेदीखतावर त्याचें नांव नाहीं. दाद मागण्यास न्यायालय नाहीं. मालक बदलला तर त्याला विचारीत नाहींत, संघ दुसऱ्या शहरीं नेला तरी विचारीत नाहींत. माझ्या मतें स्टेपियनचा नियम हा या सर्व नियमावलींत असा एकच नियम आहे, जो कर्त्याच्या हातून घराला वांचविण्यासाठीं केला गेला. आणि शौकीन त्याचीं कलमें तोंडपाठ म्हणतात याचें कारणहि तेंच असावें. तो त्यांच्या बाजूचा कायदा आहे.

विज्ञानेश्वराच्या शास्त्रांत शेत, घर, गुरेंढोरें हीं मिळकत होती. येथें मिळकत म्हणून जें मोजलें जातें तें माणसाचें आयुष्य आहे, हा फरक मात्र लहान नव्हे. बोस्टननें १९८४ सालीं एक खेळाडू सिअ‍ॅटलला देऊन १९८६ चा हक्क मिळविला; सिअ‍ॅटल हरलें; हक्क दुसऱ्या पाळीचा ठरला; आणि बोस्टननें लेन बायस या बावीस वर्षांच्या तरुणास निवडलें. दोन दिवसांनीं, १९ जून १९८६ रोजीं, कोकेनच्या सेवनानें तो मरण पावला. त्या प्रसंगाचा उल्लेख पुढें अनेक वर्षें 'वायां गेलेली पाळी' असा होत राहिला.

नाणेफेकीच्या जागीं सोडत आली, तिची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९८४ सालीं ह्यूस्टनचा संघ वरच्या पाळीच्या लोभानें मुद्दाम हरला, असा बोभाटा झाला. तेव्हां १९८५ पासून, जे सात संघ अंतिम स्पर्धेत पोंचले नाहींत त्यांचे सात लखोटे एका पारदर्शक पिंपांत घालून फिरवावे असें ठरलें. १२ मे १९८५ रोजीं न्यू यॉर्कच्या एका प्रख्यात हॉटेलांत ही सोडत झाली, व पहिली पाळी, म्हणजे पॅट्रिक युइंग, न्यू यॉर्कलाच मिळाली. लखोट्याचा कोपरा दुमडलेला होता, लखोटा बर्फांत ठेवून थंड केला होता, असल्या कथा तेव्हांपासून चालू आहेत. पुरावा कशालाच नाहीं. सारख्या संधीमुळें तळाचा गोल्डन स्टेट संघ सातव्या पाळीवर गेला; म्हणून १९९० सालीं दुबळ्यांस अधिक संधि दिली; तर १९९३ सालीं निम्मे सामने जिंकलेल्या ऑरलँडोनें ६६ पैकीं एका संधीवर बाजी मारली; म्हणून दुबळ्यांची संधि आणखी वाढविली; तर २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत फिलाडेल्फियानें हरण्याचेंच धोरण आंखून अवघे ४७ सामने जिंकले; म्हणून २०१९ सालीं ती पुन्हां कमी करून तळाच्या तिघांस शेंकडा १४ अशी सारखी केली. कुलपें बदलत गेलीं, चोर आपल्या घरांतलाच होता.

स्टेपियनच्या नियमासहि वाटा फुटल्या. २०१३ सालीं ब्रुकलिनच्या संघानें केव्हिन गार्नेट व पॉल पिअर्स या उतारवयाच्या वीरांसाठीं बोस्टनला २०१४, २०१६ व २०१८ असे एकाआड एक वर्षांचे हक्क दिले. मधल्या २०१७ चें काय? त्या वर्षीं हक्क दिला नाहीं, फक्त बोस्टनला इच्छा असल्यास पाळ्यांची अदलाबदल करावी असें ठरलें. कागदोपत्रीं ब्रुकलिनजवळ हक्क राहिला. नियमाचें अक्षर पाळलें गेलें. प्रत्यक्षांत २०१७ सालीं ब्रुकलिन सर्वांच्या तळाशीं गेलें, आणि पहिली पाळी बोस्टननें उचलली. त्या व्यवहारांतून बोस्टनला जेलन ब्राऊन मिळाला, व पहिली पाळी फिलाडेल्फियास देऊन केलेल्या दुसऱ्या व्यवहारांतून जेसन टेटम. हे दोघे घेऊन २०२४ सालीं बोस्टन अजिंक्य झालें. गहाणाला मुदत खरेदीचें रूप देऊन सावकारी कायदा टाळणारे आपल्याकडील सावकार हा दस्तऐवज पाहून खूष झाले असते.

त्या वर्षीं बोस्टनकडून अंतिम फेरींत हरलेला संघ डॅलसचा होता. क्लीव्हलंडच्या उधळेपणावर जो पोसला गेला तोच हा डॅलस. पंजाबांतील बल्लो के या खेड्यांतल्या सतनामसिंगास २०१५ सालीं निवडून भारतांत जन्मलेल्या खेळाडूस लीगच्या यादींत प्रथम स्थान दिलें तेंहि डॅलसनेंच. २०२५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारीं, मध्यरात्रीच्या सुमारास, अमेरिकेंत बातमी फुटली कीं, डॅलसनें लुका डॉन्चिच यास लॉस अँजेलिसला दिलें, व अँथनी डेव्हिस याला घेतलें. डॉन्चिच पंचवीस वर्षांचा होता, व त्यानेंच आदल्या वर्षीं संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलें होतें. त्याला स्वतःला या सौद्याची कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशीं शौकीन क्रीडागृहाबाहेर जमले. कोणी शवपेटी आणून ठेवली. पुढें कित्येक आठवडे सामना चालू असतां व्यवस्थापकास काढून टाकण्याच्या घोषणा होत राहिल्या, व त्या वर्षअखेरच्या सुमारास त्यास खरोखरच काढण्यांत आलें. मध्यंतरीं १२ मे रोजीं, म्हणजे पहिल्या सोडतीस बरोबर चाळीस वर्षें झालीं त्या दिवशीं, शेंकडा १.८ एवढ्याच संधीवर डॅलसला पहिली पाळी लागली, आणि कूपर फ्लॅग नांवाचा अठरा वर्षांचा तरुण त्यांस मिळाला. लखोट्याच्या जुन्या कथांना पुन्हां पालवी फुटली. फेब्रुवारींत रडणारे पुष्कळ लोक मे महिन्यांत नाचले. कांहींनीं मात्र अजून डॉन्चिचचाच सदरा अंगांत घालण्याचें व्रत चालविलें आहे, असें माझा न्यू जर्सीचा विद्यार्थी लिहितो.

त्या सौद्यांत डेव्हिस आणि आणखी एक खेळाडू यांच्याबरोबर लॉस अँजेलिसनें आपला २०२९ चा पहिल्या फेरीचा हक्कहि डॅलसला दिला होता. एकच हक्क कां घेतला, आणखी कां मागितले नाहींत, यावर शौकिनांचा फार मोठा वाद झाला. त्या हक्कानें जो मुलगा निवडला जावयाचा तो त्या रात्रीं बहुधा पंधरा वर्षांचा असेल, आणि सोमवारीं सकाळीं त्याला शाळा होती.